हिऱ्याची अंगठी घेण्याआधी ती उलटी करून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलाचा साखरपुडा मार्गशीर्षात आहे. होणारी सून नर्स आहे आणि अंगठी रोज वापरायची तिची इच्छा आहे. एका पेढीवर सांगितलं, ‘व्हीव्हीएसच घ्या, नाहीतर हिऱ्यात अर्थ नाही.’ दुसरीकडे तेवढ्याच पैशांत लॅबमध्ये तयार केलेला कितीतरी मोठा हिरा दाखवला. काय घ्यावं, बिलात काय बघावं, नंतर निगा कशी राखावी? शिवाय घरात सासूबाईंच्या जुन्या हिऱ्याच्या कुड्या आणि मोत्यांचा तन्मणी आहे. कुड्यांतले हिरे काढून अंगठीत बसवले तर चालेल का?

ताई, दुकानात ट्रे समोर आला की सगळेच अंगठी बोटात घालतात आणि हात लांब धरून वरून बघतात. मी इतकी वर्षं हिऱ्यांच्या कामात आहे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच सांगत आलोय: आधी ती उलटी करा. रोजच्या वापरात अंगठी किती टिकेल, हिरा किती चमकेल आणि उद्या मोडायला नेली तर हातात काय येईल, यातलं बरंचसं मागच्या बाजूला कळतं.

त्याचं कारण हिऱ्याच्या घडणीत आहे. गोल ब्रिलियंट हिऱ्याला 57 किंवा 58 पैलू असतात. वरच्या सपाट पैलूला आम्ही टेबल म्हणतो. प्रकाश तिथून आत शिरतो, खालच्या निमुळत्या भागातल्या पैलूवर पडतो, तिथून समोरच्या पैलूवर जातो आणि पुन्हा वर येतो. हिऱ्याचा अपवर्तनांक 2.42 आहे. त्यामुळे आतून पैलूवर येणारा किरण साधारण 24 अंशांपेक्षा जास्त तिरपा असेल तर बाहेर पडूच शकत नाही, परत फिरतो. पण हे गणित हिऱ्यामागे हवा असेल तेव्हाचं. पाठीवर तेलाचा थर बसला की हीच मर्यादा 37-38 अंशांवर जाते, आणि जो प्रकाश वर यायला हवा तो मागच्या मागे निघून जातो. मग वरून कितीही पुसलं तरी हिरा मंदच दिसतो. ‘सहा महिन्यांत हिऱ्याची चमक गेली, खोटा दिला’ अशी तक्रार घेऊन आलेल्या अंगठ्या मी भिंगाखाली धरतो, तेव्हा बहुतेक वेळा हिऱ्याखाली कणीक, हँडक्रीम आणि साबणाचा पांढरट लगदा दिसतो.

हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर धरतो, आणि हा काही आपल्या वापराचा दोष नाही, तो हिऱ्याचा स्वभाव आहे. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत याच गुणाचा उपयोग करत. फोडलेला दगड पाण्याबरोबर ग्रीस लावलेल्या टेबलांवरून सोडायचे. बाकीचे खडे वाहून जायचे, हिरे ग्रीसला चिकटून राहायचे. स्वयंपाकघरातही तेच होतं. म्हणून रोजच्या अंगठीची मागची बाजू मोकळी हवी, बारीक ब्रश आत जाईल इतकी. मागून पत्रा मारून बंद केलेली अंगठी रोज वापरायला घेऊ नका, डिझाइन कितीही आवडलं तरी.

आता व्हीव्हीएसबद्दल. ही हिऱ्याच्या स्वच्छतेची, म्हणजे त्याच्या आत जन्मजात दोष किती कमी आहेत याची श्रेणी आहे. सर्वांत वर एफएल आणि आयएफ, मग व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय आणि शेवटी आय. या श्रेणी दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून ठरतात. व्हीव्हीएसमधले दोष जाणकाराला भिंगातूनही मुश्किलीने सापडतात. व्हीएसमधले सापडतात, पण किरकोळ असतात. बोटात घातल्यावर व्हीव्हीएस आणि व्हीएस यांतला फरक भिंगाशिवाय मलासुद्धा सांगता येत नाही, आणि साखरपुड्याला भिंग घेऊन कोणी येत नाही. व्हीव्हीएस वाईट आहे असं मी म्हणत नाही. बजेट ठरलेलं असताना न दिसणाऱ्या गोष्टीसाठी दिसणारी गोष्ट सोडू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. व्हीएस-2 उत्तम (एकाच श्रेणीत 1 वरचा, 2 त्याखालचा). एसआय-1 सुद्धा चालेल, फक्त दोष टेबलाच्या मधोमध काळा ठिपका म्हणून बसलेला नको, आणि हिऱ्याच्या कडेला, जिथे पंजा (हिरा धरून ठेवणारा सोन्याचा आकडा) दाबला जातो तिथे, चीर नको. ती चीर बसवताना किंवा नंतर एखाद्या फटक्याने वाढू शकते.

इथे एक समज दूर करायला हवा. खरा हिरा घणाखालीही फुटत नाही, असं आपल्याकडे लहानपणापासून ऐकतो. हिरा सर्वांत कठीण आहे हे खरं, मोह्सच्या मापात दहापैकी दहा. पण कठीण म्हणजे त्यावर ओरखडा पडत नाही. तो फुटत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. हिऱ्याला चार दिशांना पाट असतात, म्हणजे त्या दिशांना तो सहज दुभंगतो. त्या दिशेने नेमका फटका बसला तर टवका उडतो. ओट्याच्या ग्रॅनाइटवर, लोखंडी दारावर, जिममधल्या डंबेलवर आपटून कडा उडालेले हिरे मी पाहिले आहेत. हातोड्याची परीक्षा कोणी सुचवली तर हिरा उचलून घरी या.

रंग डी पासून झेड पर्यंत मोजतात. डी म्हणजे पूर्ण बिनरंगी, पुढे पिवळसर झाक वाढत जाते. पिवळ्या सोन्यात अंगठी करणार असाल तर जी-एच भरपूर झाला, आय हा रंगसुद्धा छान दिसतो, कारण भोवतीच्या सोन्यामुळे ती झाक कळत नाही. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये जी-एचच्या खाली जाऊ नका.

पैसे घालायचे ते कटमध्ये. कट म्हणजे गोल, चौकोनी हा आकार नव्हे, तर पैलूंची प्रमाणं आणि कोन. 1919 साली टोलकोव्स्की या अभियंत्याने गोल हिऱ्याची प्रमाणं गणिताने मांडली आणि आजही कारागीर त्याच्याच आसपास काम करतात. सुरतेच्या कारखान्यात कापणाऱ्यासमोर कायम एक मोह असतो: कच्च्या हिऱ्यातलं वजन वाचवायचं. कारण हिरा कॅरट या वजनावर विकला जातो (कॅरटचा शंभरावा भाग म्हणजे सेंट), आणि 50 सेंट, 1 कॅरट अशा गोल आकड्यांना भाव एकदम वर चढतो. मग हिऱ्याचं पोट जाड ठेवलं जातं. वजन भरतं, पण ते वरून दिसत नाही आणि प्रकाशही नीट परतत नाही.

हे पकडायला भिंग लागत नाही. सर्टिफिकेटवर मिलिमीटरमध्ये माप लिहिलेलं असतं, ते वाचा. नीट कापलेला अर्ध्या कॅरटचा गोल हिरा साधारण 5.1 मिमी रुंद असतो, 30 सेंटचा 4.3 मिमी, एक कॅरटचा 6.4 ते 6.5 मिमी. अर्ध्या कॅरटचा म्हणून 4.8 मिमीचा हिरा समोर आला, तर तुम्ही पोटाचे पैसे देताय. खोलीचा टक्काही तिथेच असतो. गोल हिऱ्यात तो 59 ते 62.5 च्या दरम्यान असला की बरं. आणि बघा, अर्ध्याचा एक कॅरट झाला, वजन दुप्पट झालं, तरी रुंदी जेमतेम पाव पटीने वाढली. म्हणून 50 ऐवजी 46-48 सेंटचा, पण कटमध्ये ‘एक्सलंट’ असा हिरा मागा. डोळ्याला फरक कळणार नाही, पैसे वाचतील.

सर्टिफिकेट जीआयए किंवा आयजीआयसारख्या नावाजलेल्या प्रयोगशाळेचं घ्या. दोघांच्या प्रयोगशाळा मुंबईतच आहेत. रिपोर्टचा नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकून पडताळता येतो. तोच नंबर बहुतेक वेळा हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे सर्वांत रुंद कडेवर, लेझरने कोरलेला असतो. अंगठी तिरकी धरून भिंगातून तो मला दाखवा, असं सराफाला म्हणावं. चांगला सराफ आनंदाने दाखवतो. बारीक हिऱ्यांचा झुबका असलेल्या अंगठीला मात्र पूर्ण दागिन्याचा एकच रिपोर्ट मिळतो आणि त्यावर ‘ईएफ-व्हीव्हीएस’ किंवा ‘जीएच-एसआय’ अशी जोडश्रेणी असते. तो प्रत्येक हिऱ्याचा दाखला नसतो.

लॅबमधला हिरा घ्यावा का? आधी एक गोंधळ मिटवू. ‘अमेरिकन डायमंड’ हा हिरा नाहीच. ते क्युबिक झिरकोनिया, वेगळंच द्रव्य, हिऱ्यापेक्षा वजनाला जड. मॉइसनाइट हाही हिरा नाही, तो सिलिकॉन कार्बाइड आहे. दुकानातल्या साध्या उष्णतेच्या पेनवर मॉइसनाइट हिरा म्हणून पास होतो, म्हणून त्या पेनवर भरवसा ठेवू नका. लॅबमधला हिरा मात्र खरोखर हिरा आहे: तेच कार्बन, तीच कठीणता, तीच चमक. फरक जन्माचा. एक जमिनीच्या पोटात फार मोठ्या काळात तयार झाला, दुसरा यंत्रात काही आठवड्यांत, एचपीएचटी (प्रचंड दाब आणि उष्णता) किंवा सीव्हीडी (वायूतून थरावर थर) पद्धतीने. डोळ्यांनी किंवा भिंगाने हा फरक खात्रीने सांगता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेची यंत्रं लागतात. म्हणून बिलावर ‘नैसर्गिक’ किंवा ‘लॅबग्रोन’ हा शब्द लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

भावाचं म्हणाल तर गेल्या काही वर्षांत लॅबमधल्या हिऱ्याचे भाव खूप खाली आले, कारण उत्पादन हवं तेवढं वाढवता येतं. ऑक्टोबर 2025 पासून जीआयएने तर लॅबच्या हिऱ्यांना डी ते झेड आणि व्हीव्हीएस अशा श्रेणी देणंच थांबवलं. आता ते फक्त ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोन गट करतात. माझं स्पष्ट मत सांगतो. सुनेला मोठा, लखलखीत हिरा आवडत असेल आणि पुढेमागे मोडण्याचा विचार नसेल, तर लॅबमधला घेण्यात काहीही कमीपणा नाही. पण ‘पैसे गुंतवले’ असं मनात असेल तर घेऊ नका. नैसर्गिक हिऱ्यालाही गुंतवणूक समजू नका. मोडताना घडणावळ आणि जीएसटी जातोच, हिऱ्यालाही पेढी आपल्या टक्केवारीनेच पैसे देते. सोन्यावर कर्ज काढताना तर खड्याचं वजन वजा करून फक्त सोनं धरतात.

तुमच्या बाबतीत खरा प्रश्न कोंदणाचा आहे, कारण सून नर्स आहे. आधी तिलाच विचारा. बऱ्याच हॉस्पिटलांत ड्यूटीवर खड्याची अंगठी घालू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे, खड्याच्या खाचांत जंतू राहतात. तिथे चालत नसेल तर ड्यूटीच्या वेळी ठेवायला एक छोटी बंद डबी आणि घरी आल्यावर घालायची सवय, हे आधीच ठरवून टाकावं. चालत असेल तरी उंच पंजांची अंगठी तिच्या कामाची नाही. पंजे ग्लोव्हजमध्ये अडकतात, ग्लोव्ह फाटतो आणि पंजाही उचकटतो. तिच्यासाठी बोटाला लागून बसलेला, कडेने सोन्याची पट्टी फिरवलेला आणि मागून मोकळा हिरा बघा. पंजेच हवे असतील तर चारऐवजी सहा, म्हणजे एक सैल झाला तरी बाकीचे धरून ठेवतात.

सोनं 18 कॅरटचं घ्या (सोन्यात कॅरट म्हणजे शुद्धता, वजन नव्हे). 22 कॅरटची अंगठी करण्याचा आग्रह घरातले मोठे धरतील, पण ते सोनं मऊ असतं आणि बारीक पंजे लवकर झिजतात. पांढरं सोनं निवडलं तर त्यावरचं ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचं पाणी वापराने उतरतं आणि अधूनमधून पुन्हा द्यावं लागतं, हे आताच माहीत असू द्या. माप संध्याकाळी घ्या, सकाळी बोट बारीक असतं. पूर्ण वेढ्यात हिरे असलेली अंगठी नंतर लहानमोठी करता येत नाही, म्हणून साखरपुड्यासाठी तो नमुना टाळा.

बिल हा या व्यवहारातला सर्वांत दुर्लक्षित कागद आहे. अंगठीच्या आतल्या बाजूला हॉलमार्क, म्हणजे बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (18 कॅरटसाठी 750) आणि सहा अक्षरी एचयूआयडी (त्या दागिन्याचा ओळख क्रमांक) असायला हवा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षरी एचयूआयडी सक्तीचा आहे. दोन ग्रॅमच्या आतले दागिने आणि कुंदन, पोलकी, जडाव यांना त्यातून सूट आहे. मात्र हा शिक्का सोन्याचा आहे, हिऱ्याचा नाही. ‘हॉलमार्क आहे, म्हणजे हिरा खरा’ असं समजून फसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता वजन. समजा अंगठीचं एकूण वजन 4.60 ग्रॅम आहे आणि हिरा 40 सेंटचा. एक कॅरट म्हणजे 0.2 ग्रॅम, म्हणजे हिरा 0.08 ग्रॅमचा आणि सोनं 4.52 ग्रॅम. सोन्याचा दर या 4.52 वर लागला पाहिजे, आणि तोही 18 कॅरटचा, म्हणजे 24 कॅरटच्या दराच्या पाऊणपट. एकूण वजनावर दर लावला तर हिऱ्याचे पैसे दोनदा जातात. एका अंगठीत ही रक्कम लहान वाटेल, पण माणकं, पोलकी किंवा लाख भरलेल्या दागिन्यात ग्रॅमच्या ग्रॅम फरक पडतो. एकूण वजन, निव्वळ वजन, हिऱ्याचं कॅरटमध्ये वजन, त्याची श्रेणी, घडणावळ आणि जीएसटी (दागिन्यांवर 3 टक्के), सगळं वेगवेगळं लिहून घ्या. आणि परत घेण्याची अट तोंडी नको, बिलावरच हवी: सोन्याला किती, हिऱ्याला किती, रोख की बदली.

घरची निगा सोपी आहे. एका वाटीत कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, त्यात अंगठी दहा-पंधरा मिनिटं. मग लहान मुलांच्या मऊ ब्रशने घासा, पण पालथी धरून, मागच्या भोकातून. स्वच्छ पाणी दुसऱ्या वाटीत घेऊन खळबळा. बेसिनच्या नळाखाली कधीही धुऊ नका. मलमलच्या फडक्याने पुसा. रोज स्वयंपाक करणारीने हे दर आठ-दहा दिवसांनी केलं तर हिरा पहिल्या दिवसासारखा राहतो. आपल्या आज्या रिठ्याच्या पाण्यात दागिने धूत, तेही उत्तम. सोन्याला आणि हिऱ्याला दोन्हीला चालतं. टूथपेस्ट मात्र नको, तिने सोन्यावर बारीक ओरखडे पडतात. ब्लीचचं पाणी आणि पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन सोन्यातल्या मिश्र धातूंना खातं, पांढऱ्या सोन्याला जास्त. सॅनिटायझरने हिऱ्याचं किंवा सोन्याचं काही बिघडत नाही, फक्त जेलचा थर बसतो.

महिन्यातून एकदा अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचकी मारा. बारीक खडखड ऐकू आली तर हिरा हलतोय. साडीचा किंवा ओढणीचा धागा पंज्यात अडकायला लागला तर तो पंजा उचललाय. दोन्ही वेळा अंगठी काढून ठेवा आणि सराफाकडे न्या. दुरुस्तीला देताना आपल्यासमोर वजन करा, हिऱ्याचा लेझर नंबर पावतीवर लिहून घ्या, परत घेताना तो पुन्हा बघा. बोटाचं माप बदलायचं असेल तर कारागिराला हिरा आहे हे आठवणीने सांगा: दिव्याच्या उघड्या आचेने हिऱ्याचा पृष्ठभाग धुरकट होऊ शकतो, म्हणून जाणते कारागीर आधी बोरिक ॲसिडचा लेप देतात. डब्यात प्रत्येक दागिना वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा. हिरा शेजारच्या सोन्याला ओरखडतो, आणि शेजारच्याच बोटात साधं वेढणं घातलंत तर तेही झिजवतो.

वर सांगितलेलं यातलं काहीही तन्मण्याला लावू नका. मोती हिऱ्याच्या मानाने फार मऊ असतो आणि घाम, अत्तर, लिंबू, साबण, सॅनिटायझर सगळं त्याला बाधतं. साजशृंगार पूर्ण झाल्यावर सर्वांत शेवटी घालायचा आणि घरी आल्यावर सर्वांत आधी उतरवायचा. ओलसर मलमलने एकेक मोती पुसून आडवा ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं बंद करू नका. धागा सैल दिसला की पटवेकऱ्याकडून नव्या रेशमी धाग्यात गाठी घालून ओवून घ्या. घरात कुंदनाचं काही असेल तर तेही पाण्यात घालायचं नाही; खड्यामागे चकाकीचा पातळ पत्रा असतो, पाणी शिरलं की तो काळवंडतो आणि ते कोणत्याच धुण्याने जात नाही.

कुड्यांचं विचारलंत, तर माझा सल्ला आहे की त्या मोडू नका. जुन्या कुड्यांतले हिरे बहुधा जुन्या कटचे असतात, पैलू कमी आणि मोठे, मागून कोंदण बंद. बाहेर काढेपर्यंत त्यांचं वजन आणि कडा कशा आहेत हे कोणालाच नीट सांगता येत नाही, आणि काढताना एखाद्याला टवका गेला तर जोडीच बिघडते. कुडीच्या सात खड्यांसाठी एकसारखे हिरे पुन्हा जुळवणं फार कठीण काम आहे. सुटे करून विकायला गेलात तर नव्या कटच्या हिऱ्याचा भावही येणार नाही. त्यापेक्षा त्या जशा आहेत तशा सुनेच्या कानात घाला. फक्त त्याआधी सराफाला फिरकी तपासायला सांगा. जुन्या कुड्यांचे आटे झिजलेले असतात, फिरकी आपोआप सुटते आणि कुडी कधी पडली ते कळतही नाही. दांडीचे आटे पुन्हा पाडून घेणं आणि नव्या घट्ट फिरक्या बसवणं हे थोड्या वेळाचं काम आहे, साखरपुड्याच्या आधी करून घ्या.